बाई नंबर चार

मातीच्या पुतळ्यावरचं ओलं गोणपाट मेणताईने उचललं. गोणपाटाखाली तिची आई असायला हवी होती. होती ती बाई नंबर चार.

बाई नंबर चार म्हणजे कोण, ते आधी सांगितलं पाहिजे. पुतळे ओतणाऱ्या त्या फाउंड्रीत माळ्यावर लाकडी फळ्या होत्या आणि फळ्यांवर प्लास्टरचे जुने साचे. पुरुषाच्या पुतळ्याचा साचा काम झालं की फोडून टाकायचा, कारण एका पुढाऱ्याचं नाक दुसऱ्याला चालत नाही, नातवंडं भांडायला येतात. बायकांच्या बाबतीत ही कटकट नव्हती. पुतळ्यातली बाई म्हणजे न्याय, नाहीतर विद्या, नाहीतर एखाद्या थोर पुरुषाच्या पायाशी दिवा धरून बसलेली कृतज्ञता. कृतज्ञतेचं नाक चुकलं म्हणून तक्रार घेऊन कोण येणार? तेव्हा बायकांच्या चेहऱ्यांचे पाच साचे कायमचे ठेवलेले होते, पाठीवर खडूने आकडे घातलेले. चार नंबर सगळ्यांचा लाडका. झुकलेले लांबट डोळे, हसू येतंय की नाही असे ओठ आणि लिंबाएवढी हनुवटी.

मेणताई अठ्ठावीस वर्षं त्या फाउंड्रीत मेणकाम करत होती, म्हणून तिला सगळे मेणताई म्हणत. चार नंबरचा चेहरा तिने स्वतःच्या हातांनी चौदा वेळा मेणात काढला होता. शहरातल्या चौकाचौकांत ती एकच बाई निरनिराळी नावं लावून उभी होती, आणि मेणताईला त्यात कधी काही वावगं वाटलं नव्हतं, हे कबूल करायलाच हवं. ज्याचं जळतं त्यालाच कळतं. आज ते डोकं तिच्या आईच्या धडावर बसलं होतं, आणि धडही आईचं नव्हतं.

आई आडव्या अंगाची. खांदे हमालासारखे, जबडा चौकोनी, डावी भुवई अर्धीच. पंपाच्या विजेच्या पॅनेलमधून ठिणगी उडून जळाली ती पुन्हा उगवली नाही. इथे बसली होती एक सडपातळ मुलगी, बावीस-तेवीस वर्षांची, मान खाली घातलेली. आणि तिच्या मांडीवर, दोन्ही हातांनी छातीशी धरलेलं, एक गुबगुबीत बाळ.

शिल्पकार सर हौदापाशी हात धूत होते. सर दुसऱ्या शहरातून यायचे, मातीचं काम करायचे आणि जायचे. फाउंड्रीतल्या माणसांची नावं लक्षात ठेवायचे कष्ट त्यांनी कधी घेतले नाहीत.

"सर, ही कोण?" मेणताईने विचारलं.

"कोण म्हणजे? पंपवाली. त्या पुरातली. तुम्हाला नसेल माहीत, फार जुनी गोष्ट आहे."

"हो का. आणि हे बाळ?"

"बाळ नको? नुसती बाई बसवली तर लोक म्हणणार, ही कोण येऊन बसलीय? बाळ दिलं की कसं, बघणाऱ्याला लगेच कळतं. समितीला तर इतकं आवडलं! अध्यक्षांच्या डोळ्यांत पाणी आलं हो."

"पण तिच्या हातात पाना असायचा, म्हणतात."

"दिला होता ना पहिल्या नमुन्यात." सरांनी रुमालाने एकेक बोट पुसलं. "समिती म्हणाली, स्मारक आहे की गॅरेज? मग बिनपान्याचा तो चेहराही फार राकट दिसायला लागला. ओळखपत्रावरचा फोटो दिला होता त्यांनी मला, पण काय सांगू बाई, बघूनच धसका बसतो. पुतळा बघून माणसाला प्रसन्न वाटलं पाहिजे. म्हणून म्हटलं, आपला चार नंबर बरा."

ज्या बाईचा फोटो बघून धसका बसतो तिची मी मुलगी, एवढं एक वाक्य मेणताईला बोलायचं होतं. ती हौदाकाठची माती गोळा करायला लागली.

ही समिती कुठून उपटली, तेही थोडक्यात सांगतो. शहरात एकूण एकोणीस पुतळे, एकोणीसच्या एकोणीस पुरुष. बायका होत्या, पण चौथऱ्यांच्या कडेला, दिवे आणि हार धरायला. मागच्या वर्षी कॉलेजच्या मुलींनी एका सकाळी त्या सगळ्या बायकांच्या गळ्यात पुठ्ठ्याच्या पाट्या अडकवल्या: 'माझं नाव काय?' पेपरात फोटो आले. स्मारक समितीच्या सात पुरुषांची पाचावर धारण बसली, आणि त्यांनी घाईघाईने एक नावाची बाई शोधून काढली. पंपवाली. वारसांचा शोध घेतला, कुणी सापडलं नाही, असं पेपरात छापलं होतं. मेणताईने ती बातमी वाचली, पेपर घडी घालून ठेवला आणि कुणाला काही सांगितलं नाही.

का नाही सांगितलं? कारण त्या पुराचं नाव निघालं की ती आजही उठून जायची.

एक्केचाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट. नदीला बांध होता, आणि बांधाच्या आत, नदीच्या पाण्याहून खोल, खालची वस्ती. चारशे घरं, सगळी बैठी. वस्तीत साचलेलं पाणी उपसून बांधापलीकडे फेकायला तीन पंप होते. पंपांच्या तोंडाशी जाळ्या. पुराच्या पाण्यातला कचरा जाळीत अडकला की वीस मिनिटांत पंप धापा टाकायला लागायचा. मग हातभर लांबीच्या पान्याने व्हॉल्व्ह आवळायचा, जाळी उपसायची, व्हॉल्व्ह पुन्हा उघडायचा, आणि पुढच्या पंपाकडे धावायचं. आईबरोबर पाळीवर असलेले दोघे पुरुष ऑपरेटर बायकापोरांना बघून येतो म्हणून गेले ते परत आलेच नाहीत. त्यांना कुणी नावं ठेवली नाहीत. घरदार असलेली माणसं. आई एकटी एकतीस तास ते करत राहिली. चारशे घरांत गुडघाभर पाणी आलं, पण माणूस एकही दगावला नाही.

त्याच एकतीस तासांत नऊ वर्षांची मेणताई तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत होती. बाहेरून कुलूप. शाळेला सुट्टी, म्हणून आई सकाळी पाळीवर जाताना घालून गेलेली. दिवे गेले. खाली रस्ता होता तिथे पाणी आलं. शेजारी सामान डोक्यावर घेऊन निघून गेले. मायलेकी आधीच गेल्या असतील, असं त्यांना वाटलं. ती खिडकीचे गज धरून घसा बसेपर्यंत ओरडली. दुसऱ्या दिवशी दुपारी कुलूप उघडलं. आई आत आली, दोन्ही तळहात सोलवटलेले, भिंतीला टेकून खाली बसली आणि बसल्या बसल्या झोपली. लेकीला जवळ घेतलं नाही. घ्यायचं तिला सुचलंच नाही.

मोठी झाल्यावर मेणताईने एकदाच विचारलं होतं, तुला माझी आठवण आली नाही का गं? पंपांच्या आवाजाने आईचे कान गेले होते, प्रश्न दोनदा ओरडून विचारावा लागला. आई म्हणाली, "तू तिसऱ्या मजल्यावर होतीस. पाणी तिथवर चढणार नव्हतं. खाली चारशे घरं जमिनीला लागून होती." झालं, एवढंच. मेणताईला थोबाडीत बसल्यासारखं वाटलं होतं. चार वर्षांपूर्वी आई गेली, तरी तो गाल अजून हुळहुळत होता.

आणि आता हे बाळ. पुतळ्यातल्या आईने त्याला असं घट्ट धरलं होतं की जणू जगात दुसरं काही नाहीच. ना पंप, ना जाळ्या, ना वस्ती. क्षणभर मेणताईला ते बाळ आवडलं. हेच तर हवं होतं, असं मनात आलं, आणि आपल्याला असं वाटू शकतं याचाच तिला मोठा धक्का बसला. तिने गोणपाट पुन्हा पुतळ्यावर टाकलं आणि नळाखाली डोकं धरलं.

सरांना घाई होती. पुढच्या गावी त्यांचा एक घोडेस्वार अडला होता; घोड्याची शेपटी उंच असावी की खाली, यावर तिथल्या समितीत दोन तट पडले होते. मातीच्या पुतळ्याचे फोटो निघाले, समितीच्या सह्या झाल्या, रबराचा साचा निघाला. जाताना सर म्हणाले, "बाई, मेणाचं तुम्ही बघा. तुमचा हात म्हणजे माझाच हात."

ओतकामात एक गोष्ट असते, ती बाहेरच्यांना ठाऊक नसते. माती सगळे बघतात, कारण मातीवर सह्या होतात. धातू सगळे बघतात, कारण तो चौकात उभा राहतो. मधलं मेण कुणीच बघत नाही. साच्यातून मेणाचा पोकळ पुतळा निघतो, त्याच्यावर भुकटीचा जाड लेप चढतो, लेप भट्टीत भाजला की मेण वितळून वाहून जातं आणि त्या रिकाम्या जागेत धातू ओततात. दोन-चार आठवड्यांचं त्याचं आयुष्य. त्याला बघायला कोणती समिती येणार?

मेणताईने पहिले तेरा दिवस इमानेइतबारे काम केलं. साच्यातून तुकडे काढले, जोडले, सांधे भरले. भट्टीवाल्या काकांनी, म्हणजे फाउंड्रीच्या मालकांनी, तुकड्यांचं वजन करून वहीत लिहिलं. चौदाव्या दिवशी साप्ताहिक सुट्टी होती. दुपारी ती एकटीच आली, सुरी गरम केली आणि पुतळ्यासमोर स्टूल ओढून बसली.

बाळाचा साचा वेगळा होता, त्यामुळे ते सांध्यावर सुटणार हे तिला माहीत होतं. गरम सुरी सांध्यातून फिरली आणि अडीच किलोचं मेणाचं बाळ अलगद तिच्या हातात आलं. त्याचे डोळे मिटलेले होते. तेही साच्यातलंच, वर्षानुवर्षं सगळ्या मांड्यांवर बसत आलेलं. तिने ते तापलेल्या मेणाच्या कढईत सोडलं. आधी पाय गेले, मग पाठ, आणि शेवटी तोंड वर राहिलं तेव्हा मात्र तिला बघवेना, तिने कालथ्याने ते आत दाबलं.

मग ती वळली आणि जे दिसलं त्याने दोन पावलं मागे सरली. पुतळ्याचे हात तसेच होते. गोल, घट्ट, छातीशी आणलेले, आणि आत कुणी नव्हतं. आई रिकाम्या मिठीत मान घालून बसली होती. मेणताईने हंबरडा फोडला. पन्नास वर्षांची बाई, स्वतःच्या हाताने स्वतःला आईच्या मांडीवरून उचलून कढईत टाकून आली होती, आणि रडत होती अशी की कुणी दुसऱ्यानेच ते केलं.

रडून झालं. सुरी पुन्हा तापवली. कोपर कापले, मनगटं कापली, हात खाली आणले. फाउंड्रीच्या अवजारांच्या पेटीतून सगळ्यांत लांब पाना काढून त्याच्यावरून मेणाचा पाना केला आणि तो दोन्ही मुठींत बसवला, गुडघ्यांवर आडवा. खांद्यांवर मेण चढवलं. मान कापून वर उचलली, म्हणजे नजर मांडीवरून निघून समोर, पंपाचा दाब दाखवणाऱ्या काट्यावर जाईल.

राहिला चेहरा. इथे तिचा हातच तिच्यावर उलटला. तिने चार नंबर तासून सपाट केला, घरून आणलेलं आईचं ओळखपत्र समोर ठेवलं आणि नव्याने काढायला घेतलं. तासाभराने मागे होऊन बघते तर काय, पुन्हा चार नंबर! तीच लिंबाएवढी हनुवटी. पुन्हा पुसलं, पुन्हा केलं. पुन्हा तीच बया. अठ्ठावीस वर्षांत हाताला बाईचा चेहरा म्हणजे एवढंच ठाऊक झालं होतं. सर, समिती, अध्यक्ष, सगळ्यांवर ती तेरा दिवस मनातून डाफरत होती. चोर तर तिच्याच बोटांत लपला होता.

शेवटी तिने ओळखपत्र उलटं ठेवलं, डोळे मिटले, डाव्या हाताने स्वतःचा जबडा चाचपला आणि उजव्या हाताने मेण दाबलं. आईचाच जबडा होता तो. लग्नाच्या वेळी त्याच्यावरून किती टोमणे ऐकले होते तिने. गालाची हाडं, कपाळाची आठी, सगळं असंच चाचपत काढलं. भुवई अर्धी ठेवली. डोळे उघडले तेव्हा आई समोर बसली होती, आत्ता ओरडेल अशी, आणि मेणताई खरोखरच दचकून उठली.

दोन दिवसांनी काकांनी मेण वजनकाट्यावर चढवलं. मेणाच्या दहापट धातू, असा त्या धंद्यातला ठोकताळा. वजन चुकलं तर भट्टीत धातू कमी पडतो आणि पुतळा अर्धाच भरतो. म्हणून वजनाच्या बाबतीत काका सख्ख्या भावावरही विश्वास ठेवायचे नाहीत.

"मेणताई," काकांनी हाक मारली, "पावणेदोन किलो कुठं गेलं गं?"

काकांनी चष्मा नाकावर सारला आणि मेणावरचं फडकं ओढलं. आता ओरडतील, तिला वाटलं. अठ्ठावीस वर्षांची नोकरी आज संपली. पण काका ओरडले नाहीत. ते तसेच उभे राहिले, फडकं हातात.

"ही तर तीच आहे," ते पुटपुटले. "अगदी तीच. अशीच बसली होती, पान्यावर हात ठेवून. मी डिझेलचा डबा घेऊन गेलो तर मला म्हणाली, बघत काय उभा राहिलास, ओत."

"तुम्ही? तुम्ही कधी गेला होता तिथं?"

"खालच्या वस्तीतला ना मी. सव्वीस वर्षांचा होतो. आमचं घर बांधाला लागूनच. आई, बाबा, आजी, आम्ही चार भावंडं. सात जण. आजीला तर उठताही येत नव्हतं."

ती चारशे घरं मेणताईच्या लेखी एक आकडा होती. ज्या आकड्यापुढे ती एकटी कमी भरली, तो आकडा. त्याला कधी तोंड नव्हतं, आजी नव्हती. आणि त्यातलं एक घर अठ्ठावीस वर्षं रोज दुपारी तिच्या समोर बसून डबा खात होतं.

"मला कधी बोलला नाहीत, काका?"

"तुझी आई एकदा तुझा विसरलेला डबा द्यायला फाटकाशी आली होती, तेव्हा ओळखलं. खूपदा आलं ओठांवर. पण पुराचं नाव निघालं की तू उठून जायचीस. म्हटलं, असेल काहीतरी."

मग काकांनी डोळे पुसले आणि वहीतला वजनाचा आकडा खोडून नवा लिहिला.

"काका, समिती तुम्हाला पुन्हा काम देणार नाही."

"कशावरून? मी काही पाहिलंच नाही. चष्मा घरी विसरलाय माझा." चष्मा त्यांच्या नाकावरच होता. "लेप चढवायला घे. एकदा धातू पडला की ब्रह्मदेवाचा बाप आला तरी बदलता येत नाही."

धातू पडला. लेप फोडला, धातू आत जायच्या नळ्यांचे तुकडे कापले, घासकाम झालं, रंग चढला. काकांनी पुतळा स्वतः कापडात गुंडाळला आणि सात ठिकाणी दोरीने आवळला. क्रेनने तो बांधाजवळच्या चौकातल्या चौथऱ्यावर उतरवला, बोल्ट आवळून सिमेंट भरलं, तेव्हाही कापड अंगावरच होतं. चौथऱ्यावर पितळेची पाटी लागली: 'ममता'. खाली लहान अक्षरांत, 'पूरग्रस्तांच्या माउलीस'. आईचं नाव पाटीवर कुठेच नव्हतं. नावाची बाई हवी म्हणून एवढा खटाटोप, आणि नावच राहून गेलं! ते बघून मेणताईच्या अंगाचा तिळपापड झाला, पण पाटी करणारा कारखाना वेगळा होता, तिथे तिची सुरी पोचत नव्हती.

अनावरणाला सकाळी मांडव भरला. पुढे समितीच्या खुर्च्या, त्यांच्या शेजारी शिल्पकार सर, मागे शाळेची मुलं, आणि दोरीपलीकडे उभी राहिलेली खालच्या वस्तीतली माणसं. मेणताई आणि काका पाचव्या रांगेच्या मागे उभे होते. अध्यक्षांनी मातृत्वावर वीस मिनिटं भाषण केलं. मग दोरी ओढली.

कापड खाली आलं. दोघा-तिघांनी टाळ्या सुरू केल्या आणि अर्ध्यातच थांबवल्या. लाउडस्पीकरची खरखर तेवढी ऐकू येत होती. चौथऱ्यावर एक राकट बाई बसली होती, गुडघ्यांवर पाना आडवा, एक भुवई अर्धी, आणि ती थेट पहिल्या रांगेकडे बघत होती. तिच्या पायाखाली लिहिलं होतं 'ममता'. मेणताईलाही धडकी भरली. मेणात केली होती ती ही, पण धातूत आई भलतीच मोठी झाली होती.

सर खुर्चीतून अर्धे उठले आणि तसेच राहिले. अध्यक्ष माइक बंद करायला विसरले.

"हे काय आहे? अहो सर, बाळ कुठंय?"

"मी... मी बाळ दिलं होतं," सर चाचरले. "माझ्याकडे फोटो आहेत."

"उतरवा. आत्ताच्या आत्ता उतरवा. क्रेनवाला कुठंय?"

क्रेनवाला क्रेनच्या पायरीवरच बसला होता. "क्रेन बिघडलीय, साहेब."

"आत्ता तर चालू होती!"

"आत्ताच बिघडली." तो खालच्या वस्तीतला होता.

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. अध्यक्षांचा चेहरा लालबुंद झाला. त्यांनी माइक दोन्ही हातांनी धरला आणि सगळ्या मांडवाला विचारलं, "मी काय विचारतोय? तिच्या मांडीवरचं बाळ कुठं गेलं?"

"बाळ घरी होतं."

हे आपणच बोललो, हे मेणताईला सगळे वळून बघायला लागले तेव्हा कळलं. आता माघार नव्हती. ती पुढे आली. आवाज आईसारखा निघाला, पंपापलीकडे ऐकू जाईल असा.

"तिच्या मांडीवर त्या दिवशी कुणी नव्हतं. तिचं मूल घरी होतं, नऊ वर्षांचं. तिसऱ्या मजल्यावर, बाहेरून कुलूप. ती एकतीस तास पंपावर होती आणि मूल एकतीस तास कुलपात होतं. मूल ओरडत होतं, ती आली नाही. हे खरं आहे. करायचा तर ह्याचा पुतळा करा."

"तुम्हाला कुणी सांगितलं हे?" अध्यक्षांनी विचारलं. "तिला वारस नव्हता. आमच्याकडे नोंद आहे."

"ते मूल मीच."

सरांनी तिच्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत बहुधा पहिल्यांदाच नीट पाहिलं, आणि मग चौथऱ्यावरच्या जबड्याकडे. काकांचा हात त्यांच्याच तोंडावर गेला. कुलपाचं त्यांनाही माहीत नव्हतं.

दोरीपलीकडून एक म्हातारी काठी टेकत आत आली. कुणी तिला अडवलं नाही. तिने पुतळ्याकडे पाहिलं, खूप वेळ पाहिलं, आणि मग ती मेणताईसमोर येऊन उभी राहिली. वस्तीतल्यांपैकी ती सगळ्यांत थकलेली दिसत होती.

"तिला मूल होतं?" तिने विचारलं.

"होतं."

"आम्हाला ठाऊकच नव्हतं गं, पोरी. आम्हाला वाटायचं, हिच्या मागेपुढे कुणी नाही, म्हणून थांबली. एकटी बाई, तिला काय, असं म्हणायचो आम्ही. चाळीस वर्षं म्हणत आलो. मीसुद्धा." तिची मान हलत होती, नाही-नाही म्हणाल्यासारखी. "माझी दोन लेकरं माळ्यावर होती तेव्हा. दोघंही वाचली. आणि तू तिकडे..."

तिने मेणताईचं मनगट धरलं. हात खरखरीत होता आणि पकड घट्ट.

"एकतीस तास," म्हातारी म्हणाली. "मग तू खाल्लंस काय गं?"

एक्केचाळीस वर्षांत हे मेणताईला कुणी विचारलं नव्हतं. आईने नाही, नवऱ्याने नाही, आणि तिने स्वतःही कधी आठवून पाहिलं नव्हतं. उत्तर तोंडाशी यायला वेळ लागला.

"साखर," ती म्हणाली. "डब्यात साखर होती, ती खाल्ली."